संगणकावरचे आरेखन – भाग 7 : मेमरीची मर्यादा कुठे असते?

मागच्या भागात डिस्प्ले कार्ड पाहिले, आज मेमरी. नोएडा-गुरुग्रामच्या आरेखन कार्यालयांत कॅड वारंवार बंद पडू लागले की पहिला उपाय ठरलेला : नेहरू प्लेसहून आणखी रॅम आणायची. पैसे जातात आणि पुष्कळदा दुखणे तसेच राहते, कारण अडवणूक दुसरीकडेच असते.

एके काळी ती पत्त्यांची होती. 32 बिटांत मेमरीचे पत्ते 4 जीबीपर्यंतच मोजता येतात. त्यातले निम्मे विंडोज स्वतःकडे राखून ठेवी आणि ऑटोकॅडच्या वाट्याला 2 जीबी येत. एक्सपीच्या काळात बूट फाइलमध्ये एक खूण लिहून ते 3 जीबीपर्यंत ताणता येत. ऑटोकॅड 2020 पासून 32 बिटांची आवृत्तीच निघत नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

आज बघायचा आकडा 'कमिटेड'चा, म्हणजे प्रोग्रॅमना कबूल केलेल्या मेमरीचा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे 21/24 असे काही दिसेल. उजवीकडचे 24 म्हणजे 16 जीबी रॅम आणि डिस्कवरची 8 जीबी पेजफाइल यांची बेरीज. डावा आकडा तिथे टेकला आणि पेजफाइलला वाढायला वाव नसला, की मेमरी मागणाऱ्या प्रोग्रॅमला नकार मिळतो. रॅम थोडी मोकळी दिसत असतानाही कॅड कोसळते ते यामुळे. 'एसएसडी झिजते' म्हणून पेजफाइल बंद करणारे ही मर्यादा स्वतःच्या हाताने 24 वरून 16 वर आणतात. कृपा करून तसे करू नका. पेजफाइल विंडोजवर सोपवा आणि डिस्कवर तिच्यापुरती जागा मोकळी ठेवा.

लिनक्सवर फ्रीकॅड चालवणाऱ्यांना सिस्टिमडीतून दोन मर्यादा घालता येतात. 'मेमरीहाय' ओलांडली की प्रोग्रॅम मंदावतो. 'मेमरीमॅक्स'पाशी जागा मिळेनाशी झाली की तो मारला जातो. पहिली दुसरीपेक्षा बरीच खाली ठेवा, म्हणजे काम जतन करायला उसंत मिळते.

पण खरी बचत फाइलच्या बांधणीत आहे, असे माझे ठाम मत आहे. दिल्ली–मेरठ हा 82 किलोमीटरचा नमो भारत रेल्वेमार्ग बीआयएम पद्धतीने, म्हणजे बांधकामाची माहितीसह त्रिमितीय प्रतिकृती बनवून, आखला गेला. आपल्या नागपूर मेट्रोने अशा प्रतिकृतीला वेळ आणि खर्चही जोडले. नमो भारतच्या आनंद विहारसारखे भुयारी स्थानक डोळ्यांपुढे आणा : सांगाडा, वायुवीजन, पाणी, विजेच्या वाहिन्या. हे सगळे एकाच फाइलमध्ये कोंबले तर 64 जीबीचे यंत्रही रडकुंडीला येईल. शाखावार फाइली वेगळ्या ठेवून संदर्भ म्हणून जोडाव्यात. ऑटोकॅडमध्ये मूळ आरेखन 'इंडेक्ससीटीएल' 3 करून जतन केले आणि जोडणाऱ्या बाजूला 'एक्सलोडसीटीएल' 2 ठेवले, तर गोठवलेले लेयर आणि कापलेल्या चौकटीबाहेरचा भाग मेमरीत येतच नाही. न वापरलेले ब्लॉक आणि लेयर 'पर्ज'ने काढायचे, हे तर नेहमीचेच.

नव्या रॅमची मागणी लिहिण्याआधी एक करा. सर्वांत जड आरेखन उघडे असताना प्रत्येक यंत्रावरचा 'कमिटेड'चा आकडा टिपून ठेवा. पुढच्या भागात स्वयंजतन आणि बॅकअप फाइलींकडे वळू.