पूर ओसरल्यावरची नदी

पूर म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे आषाढ-श्रावण उभे राहतात. ओढ्यानाल्यांना पहिले लोंढे आले की चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकू लागतात, आणि कोकणात, गोव्यात, घाटमाथ्यावरच्या खेड्यांत लहानथोर सारे जाळी नि टोपल्या घेऊन त्यांच्या वाटेवर जाऊन बसतात. आज ज्या माशाची ओळख करून द्यावयाची आहे, तोही एका अर्थी चढणीचाच मासा होय. मात्र त्याची चढण पौष-माघाच्या कडाक्यात चालते. त्याला समुद्रातून निघून थेट डोंगराच्या कुशीपर्यंत जावयाचे असते. आणि त्याला गळाला लावू पाहणाऱ्याला पूर येण्याची नव्हे, तर तो ओसरण्याची वाट पाहावी लागते. या माशाचे नाव स्टीलहेड.

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या नद्यांत हा मासा आढळतो. त्यांतही वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिक द्वीपकल्प त्याच्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. हे वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकेची राजधानी नव्हे. ते त्या देशाच्या वायव्य कोपऱ्यातील राज्य. महासागरावरून येणारे बाष्पाने जडावलेले वारे तेथील ऑलिम्पस पर्वताला अडतात आणि पश्चिमेच्या उतारावर रिते होतात. आपल्याकडे आंबोलीच्या घाटात जे घडते, तेच हे. फरक आहे तो ऋतूचा. तेथील उन्हाळा बराचसा कोरडा जातो आणि पाऊस कोसळतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत. होह नदीच्या खोऱ्यातील अरण्यात वर्षाकाठी सुमारे १४० इंच पाऊस पडतो. होह, सोल डक, बोगाशील या नद्यांना पूर येतात ते म्हणूनच हिवाळ्यात.

स्टीलहेड ही काही स्वतंत्र जात नव्हे. निलगिरीच्या आणि मुन्नारच्या थंड ओढ्यांत इंग्रजी अमदानीत जो रेनबो ट्राउट आणून सोडला, त्याचाच हा समुद्रावर जाऊन आलेला भाऊबंद. डोक्यावरच्या पोलादी निळसर झाकेमुळे त्याला हे नाव पडले असे मानतात. एकाच आईच्या पोटच्या पिलांपैकी काही जन्मभर गोड्या पाण्यात राहतात, तर काही एक ते तीन वर्षे नदीत काढून समुद्राची वाट धरतात. तेथे आणखी एक ते तीन वर्षांत ती सहा, आठ, क्वचित वीस पौंडांपर्यंत वाढतात आणि मग जन्मनदीकडे परततात. ती वाट कशी ओळखतात? १९५० च्या दशकात आर्थर हॅस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी याच कुळातील सॅमन माशांवर प्रयोग केले. त्यांतून असे दिसून आले की, लहानपणी ज्या ओढ्यात वाढ झाली त्याच्या पाण्याचा वास मासा विसरत नाही. शेवटच्या टप्प्यात नाकच त्याचे वाटाड्या असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. पॅसिफिकमधील सॅमन एकदा अंडी घालून मरून जातात. स्टीलहेडचे तसे नाही. त्यांतील काही अंडी घातल्यावर खंगलेल्या देहाने पुन्हा समुद्राकडे उतरतात, सावरतात आणि पुढे पुन्हा वर येतात.

आता पुराकडे वळू. दोन दिवस संततधार लागली की नदी तांबूस-तपकिरी होते. उन्मळलेली झाडे वाहत येतात, पाण्यात वीतभर खोलीवरचे काही दिसत नाही. असल्या लोंढ्यात मासा मुख्य धारेशी झुंजत बसत नाही. तो काठालगतच्या संथ पाण्यात, बुडालेल्या खोडाच्या किंवा मोठ्या शिळेच्या आडोशाला थांबतो. पण पाणी वाढल्याने त्याच्या वाटेतील उथळ खळाळ आणि दगडी पायऱ्या बुडालेल्या असतात. नदीच्या मुखाशी खोळंबलेल्या माशांना हा एक निरोपच पोहोचतो. पाऊस थांबून पाणी उतरू लागले की वाट मोकळी असते, धारेचा जोर कमी झालेला असतो आणि मासे वर सरकू लागतात.

या उतरत्या पाण्याचे रंग तेथील मासेमार पाटीवरच्या अक्षरांसारखे वाचतात. तपकिरी पाणी प्रथम राखी होते, राखीत हिरवी झाक येते, आणि मग एक दिवस नदी शेवाळी-हिरवी दिसू लागते. उभ्या माणसाला आपला गुडघा पाण्यात अंधूक दिसावा, इतकी ती निवळते. हाच तो काळ. पाणी माशाला आडोसा देण्याइतके गढूळ आणि आमिष दिसण्याइतके स्वच्छ असते. हा मेळ दोन-चार दिवस टिकतो. पुढे नदी काचेसारखी नितळ झाली की मासा सावध होतो, सावलीलाही बुजतो. आणि तेवढ्यात नवा पाऊस आला तर सारे पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्येक नदीची निवळण्याची घटका वेगळी. सोल डक लवकर निवळते. होह ऑलिम्पस पर्वतावरील हिमनद्यांतून उगम पावते. हिमनदीने दळलेली खडकाची बारीक पूड आणि काठची चिकण माती तिच्या पाण्यात दीर्घकाळ तरंगत राहते, म्हणून ती मागे राहते. अमेरिकन सरकारच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्याने नद्यांवर मापनकेंद्रे उभारली आहेत. पाण्याची उंची फुटांत आणि प्रवाह सेकंदाला किती घनफूट, हे आता घरबसल्या पाहता येते. परंतु आकडा पाणी किती आहे ते सांगतो. त्याचा रंग कोणता आणि मासा कोठे, हे काठावर गेल्यावाचून कळत नाही.

नवख्या माणसाची पहिली चूक येथेच होते. तो कमरेएवढ्या पाण्यात शिरून दूरच्या धारेत गळ फेकतो, आणि मासे असतात ते तो ज्या पाण्यातून चालत गेला तेथेच! पाणी वर असताना मासा काठाला असतो; जसजसे ते उतरते तसतसा तो मध्याकडे सरकतो. माणूस साधारण चालीने चालेल इतक्या वेगाचे, चार-सहा फूट खोल पाणी त्याला मानवते. डोह संपून खळाळ सुरू होण्यापूर्वीचा जो गुळगुळीत पट्टा असतो, तेथे नुकताच खळाळ चढून आलेला मासा दम खात थांबतो. जाणता मासेमार म्हणून प्रथम काठावरूनच गळ टाकतो आणि मग पाण्यात पाय घालतो.

थंडीचाही विचार करावा लागतो. मासा शीतरक्ताचा प्राणी. पाणी गोठणबिंदूच्या जवळ आले की त्याच्या शरीराचे व्यापार मंदावतात. शिवाय नदीत शिरल्यावर हिवाळी स्टीलहेड फारसे खातच नाही. तो आमिषामागे धावणार नाही. आमिषच त्याच्या नाकासमोरून, तळाजवळून, सावकाश न्यावे लागते. पिसांची नि रंगीत दोऱ्यांची कृत्रिम माशी लांब दोरीने आडवी टाकावयाची, प्रवाहाला ती काठाकडे वळवू द्यावयाची, दोन पावले खाली सरकावयाचे आणि पुन्हा टाकावयाची. दिवसच्या दिवस असा जातो. बायबलात रात्रभर जाळी टाकून रित्या हाताने परतलेल्या गालीलच्या कोळ्यांची कथा आहे. ती या मंडळींना सहज पटावी.

मात्र या कथेला आता एक वेगळे वळण लागले आहे. आज तेथील हौशी मासेमाराला पुष्कळदा मासा लागूनही रित्या हातानेच परतावे लागते, कारण नदीत जन्मलेला मासा सोडून द्यावा लागतो. असे का व्हावे?

१९६९ साली वॉशिंग्टन राज्याने स्टीलहेडला आपला राज्यमत्स्य ठरविले. आणि २००७ साली त्याच राज्यातील प्युजेट साउंड या आखाती भागातील स्टीलहेडची नोंद सरकारला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत करावी लागली. मानाचे पान आणि संकटाची नोंद यांत चाळीस वर्षांचेही अंतर पडले नाही. कारणे अनेक आहेत. त्यांतील एक तर आपल्या या पुराशीच जोडलेले आहे. मादी वसंतात शेपटीने बारीक गोट्यांत खळगा करून अंडी घालते आणि वरून गोटे लोटते. गोट्यांच्या फटींतून वाहणारे पाणी अंड्यांना प्राणवायू पुरविते. नैसर्गिक पूर हे गोटे धुऊन काढतो, नवे गोटे आणतो, झाडे पाडून डोह घडवितो. तो माशाचा वैरी नव्हे. पण डोंगरावरची झाडे सरसकट तोडली, लाकूडवाहतुकीसाठी कच्चे रस्ते खणले, की तोच पाऊस दरडी आणि गाळ घेऊन खाली येतो. गाळाने फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. नदी तीच, पाऊस तोच; पूर मात्र निराळा.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या मत्स्यखात्याने किनाऱ्यावरील नद्यांसाठी कडक नियम केले. खरे आमिष लावावयाचे नाही, गळाला उलटा काटा ठेवावयाचा नाही, नावेत बसून गळ टाकावयाचा नाही, आणि नदीत जन्मलेला मासा लागला तर तो सोडून द्यावयाचा. नावेवरची बंदी प्रथमदर्शनी विचित्र वाटेल; पण नावेतला माणूस नदीचा कोपरान् कोपरा धुंडाळू शकतो, पायी चालणारा नाही. ज्या पाण्यापर्यंत माणूस पोहोचत नाही, ते माशाचे आश्रयस्थान ठरते. आणि सोडलेला मासा वाया जात नाही, हे मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेल्या गोष्टीवरून उमजेल: तो अंडी घालील, आणि नशीब असेल तर पुन्हाही येईल.

नद्यांच्या काठी राहणाऱ्या आदिवासी जमातींसाठी मात्र हा मासा करमणुकीचा विषय कधीच नव्हता. १८५० च्या दशकात जमिनी सोडून देताना त्यांनी मासेमारीचा हक्क करारांत राखून ठेवला होता. पुढे तो डावलला गेला. १९७४ साली न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निर्णय दिला की, धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा या जमातींचा आहे.

याच द्वीपकल्पाच्या उत्तरेस एल्व्हा नावाची नदी आहे. १९१३ आणि १९२७ साली तिच्यावर दोन धरणे पुरी झाली. त्यांत माशांना वर जाण्यास वाट ठेवली नव्हती. खालचा समुद्रगामी स्टीलहेड आणि वरच्या पाण्यात कोंडलेला त्याचा भाऊबंद यांची ताटातूट झाली. २०११ ते २०१४ या काळात ही दोन्ही धरणे पाडून टाकण्यात आली. साचलेला कोट्यवधी टन गाळ वाहू लागला आणि काही वर्षे नदी निवळेचना. पण पुढे जे दिसले ते विलक्षण होते. वर कोंडलेल्या ट्राउटच्या वंशातून उन्हाळ्यात चढणारे स्टीलहेड पुन्हा समुद्रातून येऊ लागले. कित्येक पिढ्यांत ज्यांनी खारे पाणी पाहिले नव्हते, त्यांच्या रक्तात समुद्राची वाट शिल्लक होती. त्या नदीत धरणे पाडण्याच्या सुमारासच मासेमारी थांबविण्यात आली होती. क्लॅलम जमातीने २०२३ साली कोहो सॅमन या माशासाठी तेथे पुन्हा मर्यादित मासेमारी केली, तोवर सुमारे बारा वर्षे लोटली होती. ज्यांचा त्या माशावर सर्वांत जुना हक्क, त्यांनीच इतका धीर धरला.

श्रोतेहो, पूर ओसरण्याची वाट पाहणे ही तेथील मासेमाराची पहिली विद्या. पाणी केव्हा उतरते, रंग केव्हा पालटतो, मासा कोणत्या आडोशाला थांबतो, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या मासा धरण्यासाठी साठविले गेले. तेच ज्ञान आता मासा राखण्यासाठी वापरावे लागत आहे. कोठे पाय ठेवावा, हे ज्याला कळते, त्यालाच वसंतात अंड्यांच्या खळग्यावर पाय पडू नये हेही कळते. आपल्या ओढ्यांना पहिले लोंढे येतात, तेव्हा वर निघालेल्या चढणीच्या माशांच्या पोटातही अंडीच असतात. टोपली वाटेवर लावण्यापूर्वी एवढे आठवले, तरी त्या दूरच्या नदीची ओळख करून घेतल्याचे सार्थक होईल.