कृत्रिम दंतमूळ का निखळते?

नांदेड व लातूर येथे दंतमहाविद्यालये असल्याने मराठवाड्यातील रुग्णांना कृत्रिम दंतमुळाचा उपचार आता दूरचा राहिलेला नाही. टायटॅनियमचे हे मूळ जबड्याच्या हाडाशी एकजीव होते. स्वीडनचे डॉ. ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला.

हाड जुळण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, हिरड्यांचे जुने विकार, अपुरे हाड व घाईने पडलेला चावण्याचा भार यांमुळे या काळातच मूळ सैल होण्याचा धोका वाढतो. हाड कोरताना उष्णता मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसवर गेली, तरी हाडाला इजा पोहोचते.

म्हणून विडी-तंबाखूची सवय व रक्तातील साखर दंतवैद्यांपासून लपवू नये. खर्चिक उपचाराचे यश शस्त्रक्रियेपूर्वीच्या या दक्षतेवर बरेचसे अवलंबून असते.