जावक बारनिशीचा नवा अवतार

मराठेशाहीतील जुन्या पत्रांच्या अखेरीस 'सुरू सूद', 'बार सूद' असे जे त्रोटक शेरे दृष्टीस पडतात, ते पत्राच्या मजकुराचे नसून दप्तराचे असतात. पत्र लिहून झाले एवढ्यावर न थांबता त्याची नोंद ठेवावी, हा त्या कारभाराचा शिरस्ता होता, आणि सरकारी कचेऱ्यांतून 'जावक बारनिशी' हे नाव आजही कानी पडते ते त्याच परंपरेतले. हीच बारनिशी भिवंडीच्या गोदामांत आता संगणकाच्या पोटात जाऊन बसली असून, महिन्यामागे गेलेल्या मालाची हकीकत तिच्याकडून वदवून घेणे ही एक स्वतंत्र विद्या झाली आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. माल मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर ठेवावा आणि गरजेपुरताच आत न्यावा, हा व्यापाऱ्यांचा हिशेब, न्हावाशेव्याच्या बंदराचे सान्निध्य आणि नाशिककडे जाणारा हमरस्ता, यांच्या योगाने तेथे गोदामांचा विस्तार झाला. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात गेली, तरी गोदामे मात्र राहिली.

अशा गोदामात मालाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीस तेथील मंडळी नुसते 'डब्ल्यूएमएस' म्हणतात. ऑर्डर येते, पिकर हातातल्या स्कॅनरने रॅकवरचा माल टिपून उचलतो, पॅकिंगच्या टेबलावर खोके बंद होते, डॉकला लागलेल्या गाडीत ते चढते, आणि शेवटी 'शिप कन्फर्म' झाले की शिलकेतून तेवढे नग वजा होतात. या प्रत्येक पायरीवर कोणी, केव्हा, कोणत्या जागेवरून, किती, याची एकेक ओळ लिहिली जाते. खोक्यावरच्या लेबलास बहुधा अठरा आकड्यांचा क्रमांक असतो. त्यातील पहिल्या सतरा आकड्यांना आळीपाळीने ३ व १ यांनी गुणून आलेली बेरीज दहाच्या पटीस नेण्यास जो आकडा कमी पडतो, तोच अठरावा, म्हणजे क्रमांक स्वतःच स्वतःची साक्ष काढतो.

इतकी चोख नोंद असता 'गेल्या महिन्यात काय काय गेले?' या प्रश्नाचे उत्तर चुटकीसरशी मिळावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ऑर्डरची नोंद मागितलेले सांगते, पिकिंगची उचललेले, आणि केवळ शिप कन्फर्मचीच नोंद गेलेले सांगते, हा भेद ज्याच्या ध्यानी नाही त्याच्या हाती तीन निरनिराळ्या बेरजा येतात. शंभर नगांची एकच ओळ साठ आणि चाळीस अशा दोन खोक्यांत भरली गेली, आणि ऑर्डरचा तक्ता खोक्यांच्या तक्त्यास जोडताना मागणीचाच रकाना बेरजेस घेतला, तर ती ओळ दोनदा उमटून शंभराचे दोनशे होतात. जुन्या महिन्यांच्या नोंदी पुष्कळदा चालू तक्त्यातून काढून संग्रहात हलविलेल्या असतात; तेथे न पाहणाऱ्यास माल गेलाच नाही असे वाटते.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेळ. कित्येक प्रणाली आपले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतात, आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. त्यामुळे १ एप्रिलच्या पहाटे तीन वाजता निघालेली गाडी तक्त्यात ३१ मार्चच्या रात्री साडेनऊला निघालेली दिसते, आणि वेळेचे रूपांतर न करता यादी काढणारा कारकून नव्या आर्थिक वर्षाची जावक जुन्या वर्षाच्या खात्यात टाकून मोकळा होतो.

हा खटाटोप केवळ कारकुनी हौसेचा नव्हे. करकायद्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तपासणीस आलेला अधिकारी जावकेच्या ओळीशी बीजक आणि बारा आकडी ई-वे बिल ताडून पाहतो. एखाद्या औषधाचा बॅच सदोष निघाला, तर तो कोणकोणत्या दुकानदारांकडे गेला हे सांगणारी नोंद हीच असते. त्या वेळी नुसता जिन्नस आणि नग लिहून भागत नाही, बॅच क्रमांक शिप कन्फर्मपर्यंत जपलेला असावा लागतो, नाहीतर एका बॅचसाठी सगळाच माल परत मागविण्याचा प्रसंग येतो.

म्हणून मुरलेला माणूस यादी हाती येताच ती पुढे धाडीत नाही. तो आधी रुजुवात करतो. ओळींची संख्या, खोक्यांची संख्या, बीजकांची बेरीज जुळली, की दोन-चार गाड्यांचे नंबर घेऊन तो फाटकाशी जातो आणि रखवालदाराची वही उघडतो. तीन वाजता सुटलेल्या त्या गाडीचा नंबर तेथे वेड्यावाकड्या अक्षरांत, पण १ एप्रिलच्याच पानावर असतो. मग तो परत येऊन बसतो, साडेपाच तास मिळवतो आणि यादी नव्याने काढतो.