परजीवीच्या पेशीतील जीवाणू : ट्रायकोमोनास आणि मायकोप्लाझ्मा

गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांमधील ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या रोगांपैकी एक म्हणजे ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस या एकपेशीय परजीवीचा संसर्ग.

हा परजीवी पुष्कळदा एकटा नसतो, हे १९९८ साली इटलीतील सासारी येथील संशोधकांनी दाखविले. मायकोप्लाझ्मा होमिनिस हा पेशीभित्तिका नसलेला जीवाणू त्याच्यासोबत आणि, पुढील अभ्यासांनुसार, त्याच्या पेशीच्या आतही राहतो व वाढतो. दोघेही आर्जिनिन या ॲमिनो आम्लापासून ऊर्जा मिळवितात. तरीही वाटेकरी आल्याने यजमान दुबळा होत नाही. उलट जीवाणूयुक्त परजीवी प्रयोगशाळेत अधिक जोमाने वाढतो. पदवीच्या वर्गात प्राणिशास्त्र बहुधा यजमानाविषयी सांगते, सूक्ष्मजीवशास्त्र पाहुण्याविषयी. त्यांचा एकत्र संसार कोणाच्याच वाट्याला येत नाही.

उपचारात मात्र तो टाळता येत नाही. मेट्रोनिडाझोलने परजीवी मरतो, मायकोप्लाझ्मावर परिणाम होत नाही. भित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनही निष्प्रभ ठरते. डॉक्सिसायक्लिन उपयोगी पडते, पण ते गर्भवतीस सहसा देत नाहीत. आणि या दोन्ही संसर्गांचा संबंध अकाली प्रसूतीशी आढळला आहे. ‘अंगावरून पांढरे जाते’ एवढ्या तक्रारीवर औषध देताना हा दुसरा घटक नजरेआड राहतो. काचपट्टीवरील ताज्या स्रावात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ट्रायकोमोनास हालताना दिसतो. त्याच्या आतील मायकोप्लाझ्मा दिसत नाही.