पावसाळ्यात कपडे वाळवताना

कपडा नुसत्या उन्हाने वाळत नाही. त्यातले पाणी हवेत जावे लागते आणि ते सामावायला हवेत जागा असावी लागते. भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यात मे महिन्यात सकाळी दोरीवर टाकलेली चादर दुपारपर्यंत कडकडीत होते. तीच चादर जुलैच्या झडीत दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागते. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की उरते ती ३ ग्रॅमची जागा. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत हवा असते जेमतेम २८ घनमीटर. दारे-खिडक्या लावून घेतल्या तर अशी खोली ८५ ग्रॅम पाण्यातच भरून जाते. हाताने पिळलेल्या एका आंघोळीच्या टॉवेलातच याहून अधिक पाणी असते.

म्हणूनच बंद खोलीत दोऱ्या बांधणे ही पावसाळ्यातली सर्वांत मोठी चूक. पागोळ्या पडणार नाहीत पण वारा खेळेल अशी पडवी किंवा गॅलरी केव्हाही चांगली. तशी सोय नसेल तर खिडकी उघडी ठेवून पंखा लावावा. पंख्याने हवा कोरडी होत नाही. कपड्याला बिलगलेली दमट हवा तेवढी हटते, आणि तेच महत्त्वाचे.

त्याआधी पाणी निघेल तेवढे पिळून काढावे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ दोन तृतीयांश युनिट ऊर्जा लागते. त्यामानाने यंत्रातला दुसरा स्पिन फारच स्वस्त पडतो.

सुती कपडा वाळल्यावरही वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. तेव्हा वाऱ्याची जागा सुती कपड्यांना द्यावी. साडी किंवा चादर चौपदरी घडी करून टाकली की आतला पदर ओलाच राहतो. ती वीतभर अंतरावरच्या दोन समांतर दोऱ्यांवरून सोडावी, म्हणजे मधून हवा जाते. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून टांगावी.

कपडे रेंगाळले की कुबट वास येतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी तो मुख्यतः मोराक्सेला नावाच्या जिवाणूंमुळे येतो, असे दाखवले. ते ओलाव्यातच वाढतात; अत्तर शिंपडून वास झाकतो, जिवाणू मरत नाहीत. तो कपडा पुन्हा गरम पाण्यात धुऊन लवकर वाळवावा.

दोरी नायलॉनची किंवा सुताची घ्यावी. लोखंडी तार स्वस्त आणि टिकाऊ असली तरी पावसाळ्यात ती घातक ठरते. घराच्या वायरिंगला किंवा पत्र्याला टेकलेल्या तारेत वीज उतरली, तर ओला कपडा टाकणाऱ्याचा जीव जातो. विजेच्या खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधू नका, असे महावितरण वारंवार सांगत असते. घरात अशी तार असेल तर ती आजच सोडून टाकावी.