तुमचा ताडीवाला रोड कुठला?

सकाळी दोडामार्गच्या बाजारपेठेत जरा उभे राहा. गोव्याच्या दिशेने दुचाक्या सुटलेल्या दिसतील. कुणी कंपनीत, कुणी हॉटेलात, कुणी डिचोलीला, तर कुणी म्हापशाला. बऱ्याच जणांच्या कानात इअरफोन असतो आणि त्यात पुण्या-मुंबईची गल्ली वाजत असते. तुमच्याही कानात वाजत असेल. वाजू दे की! पण मित्रांनो, त्या गाण्यात आपला व्हाळ, आपली काजूची बोंडं, बागेत शिरणारा आपला हत्ती का नाही, असा प्रश्न कधी पडलाय का?

हा प्रश्न डोक्यात ठेवा आणि एका अल्बमकडे वळूया. नाव 'तडीपार', साल २०२०. कलाकार अल्ताफ शेख, म्हणजे आपला एमसी स्टॅन. पुण्याच्या ताडीवाला रोडचा पोरगा. अल्बम आला तेव्हा त्याचं वय जेमतेम वीस-एकवीस, म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या टीवायच्या मुलाएवढं. लिहिणारा तोच, म्हणणारा तोच, बीट बनवणाराही तोच. मागे सिनेमा नव्हता, हिरो नव्हता. आणि शीर्षक? ते थेट पोलीस ठाण्यातून आणलेलं. आपल्याकडे पेपरात रोज येणारा हा शब्द कुणाला अल्बमवर शोभेल असं वाटलं नसतं. त्याला वाटलं, कारण त्याच्या वस्तीत तो शब्द रोज कानावर पडणारा होता.

'पण सर, आमच्याकडे स्टुडिओ खंय आसा?' हा तुमचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर २०१४ मध्येच मिळालंय. मुंबईत कुर्ल्याच्या नेझीने 'आफत' हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्याच आयपॅडवर शूट केला आणि यूट्यूबवर टाकला. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, नेझी आणि डिव्हाइनच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला 'गल्ली बॉय' थिएटरात आला.

आज तर काम आणखी सोपं झालंय. एक जुना लॅपटॉप, बरा माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेली गोधडी, एवढ्यावर घरी रेकॉर्डिंग होतं. एक मात्र सांभाळा. यूट्यूबवरून 'फ्री' म्हणून उचललेला बीट बहुतेक वेळा फक्त सरावासाठी, पैसे न कमावण्याच्या अटीवर फुकट असतो. त्यावर अल्बम काढलात तर गाणं तुमचं आणि कमाई दुसऱ्याची, असं होऊ शकतं. बीट स्वतः बनवण्याचा हा साधा व्यवहारी फायदा आहे. गाणं पूर्णपणे तुमच्या मालकीचं राहतं.

आता लोकांनी काय केलं ते बघा. आधी नाकं मुरडली. आवाजावर ऑटोट्यून, तोंडात शिव्या, याला काय गाणं म्हणायचं? पण पोरांनी उचलून धरलं. त्याची 'शेमडी' (आपली घरगुती शेंबडीच ती!) देशभरातल्या पोरांच्या तोंडी बसली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो 'बिग बॉस'चा सोळावा सीझन जिंकला. आणि पुढच्याच महिन्यात इंदूरमधला त्याचा कार्यक्रम गाण्यांतल्या अश्लील भाषेवर आक्षेप घेत आंदोलकांनी बंद पाडला.

कार्यक्रमात घुसून तो बंद पाडणं चूकच. पण म्हणून प्रश्न संपत नाही. गाण्यात बाईचा उल्लेख फक्त शिवीपुरताच येत असेल, तर 'आमच्या वस्तीत असंच बोलतात' एवढं उत्तर पुरत नाही. वस्तीत आईही बोलते, बहीणही बोलते. त्यांचं बोलणं गाण्यात का येत नाही? स्टॅनचंच एक सुरुवातीचं गाणं आहे 'अस्तगफिरुल्लाह'. या शब्दाचा अर्थ, देवाकडे क्षमा मागतो. म्हणजे आत डोकावून बघणं त्यालाही जमतं. आणि तिथेच तो जास्त भिडतो.

दुसरं उदाहरण घ्या. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणावर राजकीय रॅपमुळे गुन्हा दाखल झाला. मोठा स्टुडिओ नाही, भपका नाही, चार ओळी मराठीत. तरी सरकार दरबारी त्या ऐकू गेल्या. शब्दाचं वजन म्हणतात ते हे.

'मराठीत, त्यातून मालवणीत, कोण ऐकणार?' असं म्हणू नका. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचं 'तांबडी चामडी' हे मराठी गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केलं. ते कुणी कुणाला समजावून सांगत बसलं नाही. लोक नाचले.

आणि आपल्याकडे तर तयारी आधीपासूनच आहे. जत्रेत दशावतार बघितलाय ना? लेखी संहिता नाही. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात आणि रात्रभर संवाद रंगमंचावरच सुचत जातात. मागे पेटी, पखवाज, झांज. समोरच्याने टाकलेला शब्द तिथल्या तिथे परतवायचा. याला तुम्ही फ्रीस्टाइल आणि बॅटल म्हणता. रंगरंगोटीही नट स्वतःच करतो. 'सेल्फ-प्रोड्यूस्ड' म्हणजे आणखी काय असतं?

भाषाही मदतीला आहे. मी जातंय, मी खातंय, मी बघतंय, मी सांगतंय. मालवणीत यमक आपसूक जुळतं. उलट तीच अडचण आहे. इतक्या सोप्या यमकावर आठ ओळी काढल्या तर ऐकणारा झोपेल. म्हणून सांगायला गजाल हवी. हत्ती इलो नि रात्रीत माड, केळी आडवी करून गेलो, त्या रात्रीची. रोज सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्या भावाची. घरातलं कुणी आजारी पडलं की बांबोळीला जाणाऱ्या वाटेची. हे पुण्याच्या पोराला लिहिता येणार नाही. ताडीवाला रोडचं जसं तुम्हाला येणार नाही, तसंच.

तेव्हा स्टॅनकडून चेन, बूट आणि शिव्या उचलू नका. उचलायचीच तर एक गोष्ट उचला. तो जिथे राहिला, तिथलंच त्याने गायलं.

या रविवारी सोळा ओळी लिहा. फोनवर रेकॉर्ड करा आणि पहिल्यांदा घरी आजीला ऐकवा. एखाद्या ओळीला लाजून थांबावंसं वाटलं, तर का वाटलं ते शोधा. आणि ती ऐकून हसली, किंवा गप्प झाली, तर समजा, पहिलं गाणं झालं.