दुसरा चेक

२००८ साली पुण्यात तिघांनी ‘द्रुवा’ ही कंपनी सुरू केली, तेव्हा त्यांची नजर वित्तसंस्थांचा डेटा सांभाळण्याच्या कामावर होती. त्याच वर्षी सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि नेमकं त्याच गिऱ्हाइकांचं कंबरडं मोडलं. कंपनीने मोर्चा इतर उद्योगांकडे वळवला. सुरुवातीचे पैसे इंडियन एंजल नेटवर्कने घातले, २०१० मध्ये सिकोया ही गुंतवणूक संस्था आली, २०१९ मध्ये मूल्यांकन अब्ज डॉलरच्या वर गेलं. आज हे दोन ओळींत सांगून होतं. ज्यांचे पैसे अडकले होते, त्यांना मधली वर्षं इतकी सरळ दिसली नसणार.

पुण्यातला एंजल गुंतवणूकदार फार धनाढ्य असतोच असं नाही. आयटीत हयात घालवलेली, कंपनीकडून मिळालेले शेअर (ईसॉप) विकून फ्लॅटचं कर्ज फेडलेलं, उरलेल्यातले दहा-पंधरा लाख लावायचे; घरात मात्र विश्वास एफडीवर. पहिला चेक उत्साहात जातो. त्यात थोडी मिरवण्याची हौसही असते, नाही कशाला म्हणा! कसोटी लागते ती दुसऱ्या चेकला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि फोन सुरू झाले: “सर, सहा महिन्यांचा रनवे उरलाय, ब्रिज राउंड करतोय.” पैसे द्यावेत, तर आपलाच पगार कापला जायची धास्ती. न द्यावेत, तर पोरगा आपल्याच कॉलेजचा, त्याच्या लग्नात आपण जेवलेलो. ही भीड कुठल्या एक्सेलमध्ये मांडणार? मग अनेकांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. “बघू, पुढच्या महिन्यात बोलू.” माझ्या मते स्पष्ट नकारापेक्षा हे वाईट. नकार मिळाला असता, तर खर्च तरी वेळेत आवरता आला असता.

वर्षभरात वारं फिरलं. २०२१ मध्ये माइंडटिकल ही स्टार्टअप युनिकॉर्न झाली, म्हणजे अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि भीतीच्या जागी ‘राहून गेलं’ची हळहळ आली; तिने भीतीपेक्षा महागडे निर्णय घ्यायला लावले. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक शुक्रवारी बंद पडली. ठेवी सुरक्षित असल्याचं अमेरिकी सरकारने रविवारी सांगेपर्यंत, तिथे खाती असलेल्या स्टार्टअपवाल्यांच्या जिवात जीव नव्हता.

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात स्टार्टअपमधल्या गुंतवणुकीवरचा, २०१२ पासूनचा एंजल टॅक्स रद्द झाला. १३ ऑगस्टला पुण्याची फर्स्टक्राय शेअर बाजारात आली. रतन टाटांनी २०१६ मध्ये सुमारे ८५ रुपयांनी घेतलेला हा शेअर ४६५ ला विक्रीला निघाला आणि ६५१ ला उघडला. २०२३ मध्ये ४८७ च्या आसपास घेणाऱ्या काही नामवंतांचा जीव मात्र आदल्या आठवड्यात ४६५ चा भाव पाहून टांगणीला लागला असेल.

आता काही जुने एंजल पहिल्याच भेटीत सांगून टाकतात: एवढे आज, एवढे अडचणीच्या वेळी, तिसऱ्यांदा विचारू नकोस.